डॅटच्या टेपवर आवाज नसतो, आकडे असतात

सोलापुरातल्या घरांत जुन्या कॅसेटींना तोटा नाही. भजनी मंडळाच्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या, गड्ड्याच्या यात्रेतून आणलेल्या भक्तिगीतांच्या. माळा आवरताना त्या ढिगात कधीतरी एक छोटी चपटी डबी निघते आणि घरातला जाणकार सांगून मोकळा होतो, "हँडीकॅमची असेल, टाक बाजूला." ती हँडीकॅमचीच असेल असं नाही. मोजपट्टी लावून बघा. हँडीकॅमची मिनी-डीव्ही साधारण ६६ मिलिमीटर लांब, ४८ रुंद आणि १२ जाड असते. तुमची डबी ७३ लांब, ५४ रुंद आणि साडेदहा जाड भरली, तर ती डॅट आहे, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप. (याच मापाची डीडीएस नावाची कॅसेट कॉम्प्युटरच्या बॅकअपसाठीही वापरली जायची, तेव्हा लेबलही वाचा.)

१९९० नंतरची दहा-पंधरा वर्षं स्टुडिओत गाण्याचं अंतिम मिश्रण बहुतेक वेळा याच टेपवर उतरायचं. मुंबई-पुण्याला जाऊन अभंगांची कॅसेट काढलेल्या एखाद्या बुवांच्या कपाटात तिचा मास्टर (ज्यावरून प्रती निघतात ती मूळ प्रत) डॅटवर असू शकतो. लोककलांचा अभ्यास करणारे, मुलाखती टिपणारे लोकही लहान डॅट यंत्र खांद्याला अडकवून हिंडत. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉच्या आठवणी स्वतःच्या तोंडाने सांगू शकणारी माणसं नव्वदच्या दशकात काही थोडी उरली होती. त्यांचं बोलणं त्या वेळी कोणी चांगल्या यंत्रावर टिपून ठेवलं असेल, तर ते डॅटवर असण्याची शक्यता बरीच आहे.

अशी टेप सापडली की बहुतेक जण तिला साध्या कॅसेटसारखी वागवतात. कुठून तरी प्लेअर मिळवायचा, हेडफोनच्या भोकातून वायर काढायची, कॉम्प्युटरच्या माइकच्या भोकात घालायची आणि रेकॉर्डचं बटण दाबायचं. गाणं ऐकू येतं, मंडळी खूश होतात. माझा आक्षेप इथेच आहे. डॅटवर आवाज साठवलेलाच नसतो. तिथे आकडे असतात, आणि आकडे ऐकून उतरवायचे नसतात. जसेच्या तसे उचलायचे असतात. हे का, ते कळायला यंत्राच्या पोटात थोडं शिरावं लागेल.

सेकंदाला ४८ हजार मोजमापं

माइकमधून येणारी वीज आवाजाबरोबर वरखाली होते. साधी कॅसेट त्या चढउताराचा ठसा चुंबकाच्या रूपात टेपवर उमटवते. डॅट रेकॉर्डर ती वीज सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो आणि प्रत्येक वेळी आलेलं माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर बसतं ते लिहून ठेवतो. इतक्या पायऱ्यांसाठी १६ बिट, म्हणजे शून्य-एकाच्या १६ जागा, लागतात. डावा-उजवा असे दोन आवाज धरले तर सेकंदाला १५,३६,००० बिट झाले. दोन तासांच्या टेपवर जवळपास १.३८ गिगाबाइट. डॅट बाजारात आलं १९८७ मध्ये, तेव्हा घरगुती कॉम्प्युटरची हार्ड डिस्क २०-४० मेगाबाइटची असायची. आपल्या खिशात मावणारी डबी त्या काळात किती माल वाहून नेत होती, याचा अंदाज यावरून यावा.

डॅटला ४८,००० खेरीज आणखी दोन वेग येतात: सीडीचा ४४,१०० आणि रेडिओच्या कामातला ३२,०००. ४४,१०० हा विचित्र आकडा कुठून आला असं अनेकांना वाटतं. डॅटच्या आधी डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डरच वापरत. सीडीचे मास्टर सोनीच्या पीसीएम-१६३० या यंत्राने यू-मॅटिक व्हिडिओ कॅसेटवर बनत, आवाजाचे आकडे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांच्या चित्रात बदलून. व्हिडिओच्या प्रत्येक ओळीत तीन मोजमापं, एका फील्डमध्ये (टीव्हीच्या अर्ध्या चित्रात) कामाच्या २९४ ओळी, सेकंदाला ५० फील्ड: गुणाकार करून बघा. अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीत २४५ ओळी आणि ६० फील्ड, तरी उत्तर तेच. दोन्हीकडे जमणारा आकडा म्हणून तो टिकला आणि टीव्हीचा तो हिशोब आजही आपल्या गाण्यांच्या फाइलींत आहे.

आता हे सगळे आकडे टेपवर मावायचे कसे? डॅटची टेप साध्या ऑडिओ कॅसेटइतकीच रुंद आहे, ३.८१ मिलिमीटर. साधी कॅसेट सेकंदाला सुमारे ४७.६ मिलिमीटर सरकते. डॅटची टेप फक्त ८.१५ मिलिमीटर. माल कितीतरी जास्त आणि चाल सहापट मंद. मार्ग व्हिसीआरकडून उचलला. टेप हळूच सरकते, पण हेड, म्हणजे टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग, एका फिरत्या ड्रमवर बसवलेलं असतं. ज्यांनी घरचा व्हिसीआर कधी उघडून पाहिला असेल त्यांना तो तिरका, चकचकीत ड्रम आठवेल. डॅटमधला ड्रम ३० मिलिमीटर व्यासाचा, मिनिटाला २,००० फेरे घेणारा, त्यावर समोरासमोर दोन हेड. त्यामुळे टेप आणि हेड यांच्यातला खरा वेग सेकंदाला ३ मीटरहून जास्त होतो. प्रत्येक हेड टेपवर साडेतेवीस मिलिमीटर लांबीचा एक तिरका पट्टा लिहितं, मग दुसरं हेड त्याला लागून पुढचा.

हे पट्टे साडेतेरा मायक्रॉन रुंदीचे, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे ७४. मधे रिकामी जागा अजिबात नाही. मग एक हेड शेजारच्याचा पट्टा चुकून वाचत कसं नाही? दोन्ही हेडांची लिहिणारी-वाचणारी बारीक फट एकमेकांच्या उलट दिशेला २०-२० अंश कलवलेली असते. एकाचं लिखाण दुसऱ्याला जवळपास वाचताच येत नाही. मला या यंत्रातली सर्वांत चलाख गोष्ट हीच वाटते.

पण इतक्या बारीक कामाची किंमत असते. साडेतेरा मायक्रॉनच्या पट्ट्यावर धुळीचा कण म्हणजे आख्खी आडकाठी. आणि ज्या यंत्रावर टेप भरली त्याच्या टेप नेणाऱ्या खुंट्या केसभर सरकलेल्या असतील, तर ते पट्टे केसभर वाकडे लिहिले गेलेले असतात. ती टेप त्याच यंत्रावर छान वाजते, दुसऱ्यावर खरखरते किंवा गप्प बसते. "टेप खराब आहे" असा निकाल देण्याआधी दुसरं यंत्र लावून बघायचं ते यासाठी.

खाडाखोड झाली तरी हिशोब लागतो

टेप म्हटलं की ओरखडे, धूळ, चुंबकाचा लेप उडणं हे आलंच. डॅट रोज शेकडो आकडे गमावतं आणि तरी आवाजात फरक पडत नाही. हे कसं, ते मंगळवार पेठेतल्या एखाद्या जुन्या अडत्याच्या वहीवरून सांगतो. वहीत आकड्यांचे उभे-आडवे रकाने आहेत. प्रत्येक ओळीची बेरीज उजवीकडे, प्रत्येक रकान्याची बेरीज खाली. चहाचा थेंब पडून मधला एक आकडा गेला, तर काय करायचं? ओळीच्या बेरजेतून बाकीचे वजा करा, गेलेला आकडा परत मिळाला. अंदाजाने नव्हे, तोच. एका ओळीतले दोन आकडे गेले तर ओळीची बेरीज अपुरी पडते, पण रकान्यांच्या बेरजा असतातच.

डॅटमध्ये हेच काम रीड-सॉलोमन नावाची गणिती पद्धत करते, तीही दुहेरी. एका दिशेने दर २८ आकड्यांना ४ जादा तपासणीचे आकडे, दुसऱ्या दिशेने दर २६ ला ६. त्यामुळे टेपवर सेकंदाला पंधरा लाखांऐवजी साडेचोवीस लाखांच्या घरात बिट लिहिले जातात.

शिवाय लागोपाठचे आकडे लागोपाठ लिहीत नाहीत. एका वाहिनीचे सम क्रमांकाचे आकडे एका पट्ट्यावर, विषम क्रमांकाचे शेजारच्या पट्ट्यावर, म्हणजे दुसऱ्या हेडच्या वाट्याला. एक हेड धुळीने पूर्ण बुजलं तरी प्रत्येक दुसरा आकडा हातात राहतो.

बेरजांनीही काम भागलं नाही, की यंत्र दुसऱ्या पायरीवर उतरतं. मागचा आकडा माहीत आहे, पुढचा माहीत आहे, मग मधला साधारण त्यांच्यामधला असेल असं धरून तो घालून देतं. हा अंदाज असतो. तंबोऱ्याच्या सुरात किंवा बोलण्यात तो बहुधा खपून जातो. झांज, चिपळ्या, टाळ यांच्या धारदार आवाजात जाणकाराला खुपतो. त्याच्याही पलीकडे नुकसान असेल तर तिसरी पायरी: यंत्र आवाजच बंद करतं. क्षणभर शांतता, मग पुन्हा गाणं.

साधी कॅसेट म्हातारी होते तेव्हा सांगत सांगत होते. आधी वरचे सूर मंदावतात, मग खरखर वाढते, आवाज डुलायला लागतो. वीस वर्षं तुम्हाला इशारे मिळतात. डॅट पहिल्या पायरीवर आहे तोवर चकाचक वाजतं. नुकसान हळूहळू वाढत असतं, पण बेरजा ते भरून काढत असतात आणि कानाला काहीही कळत नाही. एके दिवशी मर्यादा ओलांडली जाते आणि चकाचक गाण्याच्या जागी तुकडे तुकडे येतात. "परवापरवापर्यंत मस्त वाजत होती" ही तक्रार डॅटच्या बाबतीत बहुतेक वेळा खरी असते.

म्हणून कान हे डॅट तपासायचं साधन नाही. टेप सध्या कोणत्या पायरीवर आहे हे यंत्रानेच सांगायला हवं. किती चुका दुरुस्त झाल्या आणि किती ठिकाणी अंदाज घातला, याची मोजणी काही व्यावसायिक यंत्रं पडद्यावर दाखवतात. संग्रहाच्या कामाला यंत्र निवडताना मी दिसणं, बटणं, ब्रँड यांच्याआधी ही सोय बघेन.

घरचं यंत्र, स्टुडिओचं यंत्र

सोनीने डॅट आणलं ते घराघरांत कॅसेटची जागा घ्यायला. ते घडलं नाही. सीडीची हुबेहूब नक्कल घरी होईल या धास्तीने अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी विरोध केला, कायदे-कोर्टाची भाषा झाली, आणि शेवटी घरगुती यंत्रांत नकलेवर नकल काढू न देणारी एससीएमएस ही कुलूपपद्धत बसवली गेली. १९९२ च्या अमेरिकी कायद्याने ती बंधनकारक केली. यंत्रं महाग, टेप महाग, वर कुलूप. सामान्य माणूस फिरकला नाही.

स्टुडिओवाल्यांनी मात्र ते झडप घालून घेतलं. पाव इंची स्पूल टेपचा खर्च आणि पसारा बघता त्यांना ही डबी फुकटच वाटली असणार. सरसर नाही, डुलणं नाही, सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९० डेसिबलच्या पुढे. पॅनासॉनिक एसव्ही-३७०० आणि ३८००, टॅस्कॅम डीए-३० आणि डीए-४०, सोनीची पीसीएम-७००० मालिका आणि नंतरचं पीसीएम-आर५००, ही नावं त्या काळच्या कुठल्याही रेकॉर्डिस्टला तोंडपाठ असतील. एसव्ही-३७०० च्या पुढच्या बाजूचं गोल चाक फिरवून नेमकी जागा शोधायची ही कित्येकांच्या बोटांची सवय झाली होती.

व्यावसायिक यंत्रात वेगळं काय, हे थोडक्यात सांगता येतं. एक्सएलआर (स्टुडिओतल्या तीन पिनांच्या) जोडण्या, कुलूप नसलेली किंवा हवं तसं ठेवता येणारी डिजिटल बाजू, इतर यंत्रांच्या घड्याळाशी जुळवून चालायची सोय. सिनेमा-टीव्हीच्या कामाला टाइमकोड (चित्राशी आवाज जुळवायच्या वेळेच्या खुणा) हवा, तो फॉस्टेक्स डी-२० सारख्या यंत्रांत मिळाला. डी-२० आणि टॅस्कॅम डीए-६० मध्ये दोनऐवजी चार हेड होते: दोन लिहिणारे, दोन लगेच मागून वाचणारे. रेकॉर्डिंग चालू असतानाच टेपवर खरोखर काय उमटलं ते ऐकू येतं. पुन्हा न होणारा कार्यक्रम टिपताना याची किंमत कळते. गायक गेला, मांडव उतरला, आणि मग टेप कोरी निघाली, असं नको असेल तर हे लागतंच.

काही कंपन्यांनी चौकट ताणूनही पाहिली. टॅस्कॅमच्या डीए-४५एचआर वर २४ बिटचं रेकॉर्डिंग होतं, टेप दुप्पट वेगाने पळवून. दोन तासांच्या टेपवर एक तास. पायोनियरने तशाच युक्तीने ९६,००० मोजमापांची यंत्रं काढली. अशी टेप साध्या डॅट यंत्रात घातली तर ती खराब वाटते. खराब नसते, यंत्र चुकलेलं असतं. उलट टोकाला लाँग प्ले: ३२,००० मोजमापं, १२ बिट, आणि दोन तासांच्या टेपवर चार तास. गाण्याला कोणी वापरत नसे, पण मुलाखतींना भरपूर. आठवणी सांगणाऱ्या आजोबांची टेप काही यंत्रांवर वाजतच नसेल, तर हे कारण आधी तपासा.

संग्रहासाठी डॅट का नको होतं

स्टुडिओत मास्टर डॅटवर म्हणून बऱ्याच संस्थांनी जतनाच्या प्रतीही डॅटवरच काढून ठेवल्या. जुन्या स्पूलवरून डॅटवर घेतलं, स्पूल टाकून दिली. हा निर्णय आज महागात पडतोय. पातळ टेप, धातूच्या कणांचा लेप, नाजूक यंत्र, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे यंत्रं बनणंच थांबलं. सोनीने २००५ च्या अखेरीस डॅट यंत्रांचं उत्पादन बंद केलं. तोवर अठरा वर्षांत त्यांची सुमारे ६,६०,००० यंत्रं विकली गेली होती. जगभर मिळून आकडा बघितला तर फार नाही, आणि त्यातली बरीच आता निकामी. टेप धरून नेणारा रबराचा रोलर कडक होतो, हेड झिजतात, सुटे भाग दुसऱ्या बंद यंत्रातून काढावे लागतात. स्पूल यंत्र निदान एखादा हुशार मेकॅनिक खरादावर पार्ट बनवून चालू करेल. साडेतेरा मायक्रॉनचं हेड खरादावर बनत नाही.

ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए आणि युनेस्को यांनी २०१९ मध्ये मॅग्नेटिक टेप अलर्ट नावाचा इशारा दिला. २०२५ च्या आसपास चुंबकीय टेपा मोठ्या प्रमाणावर वाजवून घेणं व्यवहारात अशक्य होत जाईल, असा संग्रहवाल्यांचा साधारण अंदाज होता. ते वर्ष येऊन गेलंय.

आपल्या हवेचंही बघा. कोकणासारखी बुरशी सोलापुरात सहसा लागत नाही, कोरडेपणा आपल्या पथ्यावर पडतो. पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त तापतं. टेपला हवं १८-२० अंश तापमान. पूर्व भागात, जिथे घराला लागूनच यंत्रमाग चालतात, तिथे हवेत सुताची कूस, म्हणजे बारीक तंतू, असते. कपाटाच्या वर हात फिरवा, बोटाला पांढरं लागेल. ती कूस डॅटच्या झाकणातून आत गेली तर हेडवर जाऊन बसते. टेपा घट्ट झाकणाच्या डब्यात, उभ्या, घरातल्या सर्वांत थंड खोलीतल्या खालच्या फळीवर ठेवा. स्पीकर आणि मोटारपासून लांब.

आकडे उचलायचे कसे

आधी कॅसेटच्या मागच्या कडेची छोटी खिडकी सरकवून उघडी करा. भोक उघडं म्हणजे रेकॉर्डिंग बंद. चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी टेप सुरक्षित. टेप एसीतून थेट पावसाळी हवेत आणली असेल तर काही तास तशीच ठेवा. ड्रमवर दव धरलं तर टेप त्याला चिकटते. मग टेप एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे पळवून घ्या. वर्षानुवर्षं एकाच अवस्थेत पडलेल्या टेपेचा ताण असा सारखा होतो.

हेड साफ करायला कोरडी क्लीनिंग कॅसेट मिळते, ती पाच-दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका. ती हेड घासूनच साफ करते. हाताने करायचं तर शमी चामड्याचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला स्थिर टेकवायचा आणि ड्रम हळू फिरवायचा. वरखाली घासलंत तर हेड तुटेल. कानात घालायच्या कापसाच्या काड्या तर नकोच. कूस काढायला गेलो आणि कापूस सोडून आलो असं होतं.

आता मुख्य गोष्ट. यंत्राच्या मागे डिजिटल आउट असतं. व्यावसायिक यंत्रात एईएस नावाची एक्सएलआर जोडणी, घरगुतीत आरसीए किंवा ऑप्टिकल. तिथून निघणारी वायर तशाच डिजिटल इनपुट असलेल्या ऑडिओ इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या पेटीला) जोडायची. हेडफोनच्या भोकातून घेतलं तर काय होतं? यंत्र आकड्यांची वीज बनवतं, वायरमध्ये थोडी घरघर मिसळते, कॉम्प्युटर ती वीज पुन्हा मोजतो आणि नवे आकडे लिहितो. मूळ मोजमापांपैकी एकही शिल्लक राहत नाही. डिजिटल वायरने तेच आकडे मिळतात, जे त्या दिवशी स्टुडिओत लिहिले गेले होते.

इंटरफेसचं घड्याळ बाहेरच्यावर ठेवा, म्हणजे डॅट यंत्र मालक आणि कॉम्प्युटर त्याच्या मागून चालणारा. दोघं आपापल्या घड्याळाने चालले तर अधूनमधून एखादा आकडा गळतो किंवा दोनदा येतो आणि फाइलमध्ये टिकटिक उमटते. टेप ४८,००० ची असेल तर फाइल ४८,००० ची, ४४,१०० ची असेल तर ४४,१०० ची. "जरा चांगलं करावं" म्हणून ९६,००० करू नका. नवीन काही मिळत नाही, मूळ मात्र जातं. आवाज वाढवणं, खरखर काढणं हे सगळं नंतर, वेगळ्या प्रतीवर. फाइल वेव्ह प्रकारची. एमपी३ फक्त व्हॉट्सॲपवर पाठवायला.

एकाच टेपवर वेगवेगळ्या वेगाची रेकॉर्डिंगं सापडतात, विशेषतः मुलाखतींच्या टेपांत. यंत्राच्या पडद्यावरचा आकडा बदलला की थांबा आणि नवी फाइल सुरू करा. तिथेच 'एम्फसिस' असं काही उजळलेलं दिसलं तर नोंद करा. याचा अर्थ रेकॉर्ड करताना वरचे सूर मुद्दाम वाढवले आहेत, वाजवताना ते कमी करायचे असतात. डिजिटल वायरने उचललेल्या फाइलमध्ये ते वाढलेलेच येतात. नोंद नसेल तर दहा वर्षांनी कोणीतरी म्हणेल, बुवांचा आवाज एवढा टोचरा होता का?

सगळ्यात उपयोगी तपासणी मात्र फुकट आहे. टेप दोनदा उतरवा. दोन्ही फाइली एडिटरमध्ये एकाखाली एक, आकड्याला आकडा जुळवून ठेवा, एकीतले चढउतार उलटे करा ('इन्व्हर्ट', म्हणजे अधिकचे उणे; शेवटाकडून सुरुवातीकडे नव्हे) आणि दोन्ही मिसळा. दोन्ही वेळा तेच आकडे आले असतील तर बेरीज शून्य, म्हणजे पूर्ण शांतता. जिथे टिक किंवा खर्र ऐकू येईल, तिथे किमान एका वेळी यंत्राने अंदाज घातलाय. तेवढा तुकडा हेड साफ करून पुन्हा, किंवा दुसऱ्या यंत्रावर घ्यायचा. आपल्या कानांना कधीच न सापडणाऱ्या जागा अशा मिनिटभरात सापडतात. स्पूल किंवा साध्या कॅसेटवर ही युक्ती चालत नाही, कारण ती दोनदा हुबेहूब सारखी वाजतच नाही.

आणखी एक वाट आहे. वर डीडीएस म्हटलं, ती कॉम्प्युटर बॅकअपची टेप डॅटचीच भावकी. तिचे काही जुने ड्राइव्ह, खास फर्मवेअर (यंत्राच्या आतली आज्ञावली) असलेले, ऑडिओ डॅट थेट फाइल म्हणून वाचतात, तेही वाजवायच्या वेळेपेक्षा कमी वेळात. टेपवर आवाजाशेजारी गाण्याचे क्रमांक, वेळ, कधीकधी तारीखही लिहिलेली असते. ती साध्या मार्गाने हरवते, या ड्राइव्हने मिळू शकते. पण असे ड्राइव्ह आता दुर्मीळ. पाच-दहा टेपांसाठी त्यामागे लागू नका. एखाद्या संस्थेकडे दोन-तीनशे टेपा असतील तर जरूर शोधा.

स्वतः करावं की कोणाला द्यावं? एकच टेप असेल तर यंत्र विकत घेणं परवडत नाही. पुण्या-मुंबईत ट्रान्स्फर करून देणारे आहेत. त्यांना दोनच प्रश्न विचारा: डिजिटल आउटमधून घेणार का, आणि चुकांची नोंद देणार का. "आम्ही एकदम एचडी करून देतो" असं उत्तर आलं तर टेप परत पिशवीत घाला. आणि टेप कुरिअरने पाठवण्यापेक्षा कोणी जाणार असेल त्याच्या हाती पाठवा. मे महिन्यातलं गोदाम टेपेला माळ्याइतकंच वाईट.

फाइल हाती आली की तिच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी. प्रत्येक फाइलची एमडी५ नावाची खूणसंख्या काढून ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी फाइल बदलली की नाही हे एका आदेशात कळतं. मूळ टेप फेकू नका, उद्या जास्त चांगलं यंत्र हाती लागू शकतं. डबीतला कागद आणि लेबल यांचे फोटो काढा. आणि फाइलला 'ट्रॅक ०३' असं नाव ठेवू नका. आपल्या गावात एकाच बैठकीत मराठी अभंग, कन्नड वचन आणि तेलुगू पद गायलं जातं; ऐकून ओळखणारी माणसं आज घरात आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसून कोण गातंय, पेटीवर कोण, कुठल्या गावची बैठक, कुठलं साल, हे विचारून फाइलसोबत लिहून ठेवा.